मॅनेजरची बायको

इंदूबाईंचं फुटबॉलचं वेड माहेराहून आलेलं. वडील धोंडबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. लहानपणी इंदू रडायला लागली की कशानेच गप्प बसायची नाही, म्हणून धोंडबा तिला खांद्यावर टाकून सामन्याला न्यायचे. तिथे मात्र ती डोळे फाडून बघत राहायची. लोक म्हणायचे, "पोट्टीले काय समजते गा धोंडबा?" धोंडबा म्हणायचे, "तुमच्यापेक्षा जास्त समजते. ती मधातच उठून घरी नाही जात."

नागपुरात इंदोऱ्याच्या मागच्या अंगाला त्यांची वस्ती होती आणि 'अरुणोदय' हा तिचा संघ. सुरुवातीला पोरं अनवाणीच खेळायची. बाबासाहेबांनी दिलेल्या दीक्षेच्या पुढच्या वर्षी वस्तीने पांढऱ्या बंड्या घरीच निळ्या रंगात बुडवून जर्स्या केल्या. पहिल्याच सामन्यात पाऊस लागला, रंग गळला आणि अकराच्या अकरा पोरं छाती-पोटाने निळी होऊन घरी आली. आयांनी साबण लावलावून पाहिला, पण रंग काही निघाला नाही. तो सामना अरुणोदयने जिंकला होता, त्यामुळे कोणी फार घासलंही नाही.

इंदूसाठी स्थळ पाहायची वेळ आली तेव्हा धोंडबांनी फार हिंडफिर केली नाही. अरुणोदयचा डावा हाफबॅक गोपाळ पोस्टात टपालाची वर्गवारी करायला होता. नोकरी पक्की होती, पण धोंडबांनी लेकीला सांगितलं ते वेगळंच, "पोरगा मागे हटत नाही वं. पाहिलं हाय मी." लग्नानंतर दोन-चार वर्षांतच कामठीच्या एका संघाविरुद्ध खेळताना गोपाळरावांचा गुडघा गेला. गोलकीपर देवाजीने त्यांना पाठीवर घेऊन मेयो हॉस्पिटल गाठलं. गुडघा बरा झाला, पण पळण्यासारखा राहिला नाही. मग संघ चालवणाऱ्या मंडळाने त्यांना मॅनेजर केलं.

मॅनेजर म्हणजे सगळंच. संघ निवडायचा, रेफरीशी भांडायचं, लिंबं कापून न्यायची, कोणाच्या बुटाचा तळवा सुटला तर मोच्याकडे धावायचं. बरीच वर्षं ते नीट चाललं. एकदा तर अरुणोदय लीगमध्ये तिसरा आला आणि गोपाळरावांना वस्तीने खांद्यावर घेऊन फिरवलं. इंदूबाई दारात उभ्या राहून हसत होत्या आणि मनात म्हणत होत्या, उतरवताना सांभाळून उतरवा रे बाबांनो, गुडघा आहे त्यांचा.

सत्त्याहत्तर साली मात्र सगळं फिरलं.

त्याला कारण होतं. आदल्या दोन वर्षांत अरुणोदयची तीन चांगली पोरं खेळावर नोकरीला लागली. एक रेल्वेत, एक पोलिसात, आणि शेजारच्या तुळसाबाईंचा कवडू खापरखेड्याला वीज केंद्रात. तिघांनाही निवडीच्या चाचणीला घेऊन जाणारे गोपाळरावच होते. नोकरी लागली तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले, तुळसाबाई तर गोपाळरावांच्या पाया पडायला निघाल्या होत्या. पण ही पोरं आता आपापल्या खात्याकडून खेळू लागली आणि अरुणोदयची पुढची फळी ओस पडली. सामने हरायला लागल्यावर पेढ्याची आठवण कोणाला राहणार? "चांगले पोट्टे दुसऱ्यायले देऊन टाकले यानं," एवढंच लोक बोलू लागले.

आणि गोलमध्ये देवाजी होता.

देवाजी चाळिशीला आलेला. एके काळी मांजरासारखा झेपावणारा माणूस, पण आता चेंडू बाजूने निघून जायचा तेव्हा तो खाली बसायला लागलेला असायचा. त्याच्या जागी खेळायला सुमेध नावाचा एकोणीस वर्षांचा लांबट हातांचा मुलगा बाकावर बसलेला असे. दर सामन्याला लोक ओरडायचे, "सुमेधले उतरवा! देवाजीले घरी पाठवा!" दर सामन्याला गोपाळराव देवाजीलाच उतरवायचे. अरुणोदय हरायचा.

इंदूबाईंना सामन्याच्या दिवशी सकाळपासून जेवण जायचं नाही. त्या विड्या वळायच्या. दुपारी गल्लीतल्या पाच-सहा बाया मांडीवर सुपं घेऊन तुळसाबाईंच्या ओसरीवर बसत. तेंदूची पानं कापत, जर्दा भरत, दोरा गुंडाळत गप्पा चालायच्या. पूर्वी तिथे मॅनेजरची बायको म्हणून इंदूबाईंना मान होता. आता त्या येऊन बसल्या की बोलणं दुसऱ्या विषयावर जायचं. ते गप्प होणं त्यांना शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

एका संध्याकाळी तर कहर झाला. अरुणोदय चार गोलांनी हरून आला होता. गोपाळराव नळावर पाय धूत होते आणि इंदूबाई चुलीपुढे होत्या. एकदम छपराच्या टिनावर धाडकन दगड आला. पाठोपाठ दुसरा. बाहेर पोरांचा गलका ऐकू आला, "मॅनेजर, राजीनामा दे!" आणि पळणाऱ्या चपलांचे आवाज.

गोपाळराव आत आले. तव्यावरची भाकर करपली होती.

"भाकर उलटव," ते म्हणाले.

"दगड मारून राहिले लोकं, अन् तुम्हाले भाकरीची पडली?"

"मंग काय करू? टिनावर जाऊन बसू?"

इंदूबाईंनी भाकर उलटली. त्यांच्या मनातली खरी गोष्ट त्यांना कोणापुढे बोलता येत नव्हती. दगड मारणाऱ्यांचा त्यांना राग आला होता, पण ते मागत होते तेच त्यांनाही हवं होतं. देवाजी संपला होता. धोंडबा असते तर त्यांनीही तेच म्हटलं असतं. नवरा चुकतो आहे असं त्यांना वाटत होतं, आणि नवऱ्याचं काही बरंवाईट होईल म्हणून जीवही उडून जात होता. या दोन्ही गोष्टी घेऊन त्या रोज ओसरीवर बसत आणि विड्या सैल वळत.

लीगचा शेवटचा सामना आला. तो जिंकला किंवा निदान बरोबरीत सोडवला तरच अरुणोदय पहिल्या विभागात टिकणार होता. नाहीतर खाली. वस्तीच्या जन्मात अरुणोदय कधी खाली गेला नव्हता.

सामन्याच्या दोन दिवस आधी इंदूबाई रॉकेल घेऊन परत येत होत्या. नाक्यावर गणपतरावांचं सायकलचं दुकान होतं. संघाचे चेंडू तिथल्याच पंपाने फुगवले जायचे, त्यामुळे सामन्याबद्दलचा सगळा न्यायनिवाडा त्याच दुकानापुढच्या बाकावर व्हायचा. इंदूबाईंना पाहून बाकावरची पोरं खाली बघू लागली. गणपतराव हातातलं चाक ठेवून पुढे आले.

"वहिनी, एक सांगतो, राग नका येऊ देऊ. गोपाळरावले म्हणा, परवा सुमेधले खेळवा. नाहीतर माह्या हातात काही राहणार नाही."

"म्हणजे काय गा, गणपतराव?"

गणपतरावांनी मान चोळली. "पोट्टे बूटपॉलिशच्या डब्या घेऊन येणार आहेत. हरलो तर तोंडाले फासतो म्हणतात. मी समजावलं. ऐकून नाही राहिले."

"तुम्ही समजावलं?" इंदूबाई म्हणाल्या. "तुमच्याच बाकड्यावर बसून ठरवलं ना त्यायनं?"

गणपतरावांनी चाक पुन्हा हातात घेतलं. इंदूबाई निघाल्या, पण रॉकेलची कॅन घरापर्यंत कशी आली ते त्यांना कळलं नाही. तोंडाला काळं. पोस्टात जाणारा माणूस, साऱ्या वस्तीला पत्र वाचून दाखवणारा माणूस. घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली गोपाळराव पेपर वाचत बसले होते. इंदूबाईंनी कॅन खाली ठेवली आणि त्या आडपडदा न ठेवता बोलल्या.

"अवो, परवा देवाजीले बसवा."

गोपाळरावांनी पेपर खाली केला. "तू बी?"

"मी बी. डोळे हायेत मले. त्याच्या बाजूनं चेंडू जाते अन् त्याले दिसतच नाही."

"दिसते त्याले."

"मंग हात काहून नाही जात?"

गोपाळराव उठले, सदरा घातला आणि बाहेर निघून गेले. भिवापुरी मिरची टाकून केलेला रस्सा तसाच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात ते कधी जेवण टाकून गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि थेट देवाजीचं घर गाठलं. देवाजी एकटाच राहायचा, बायको वारून बरीच वर्षं झाली होती. अंगणात बाजेवर बसून तो एरंडेल लावून गुडघे चोळत होता.

"जयभीम वहिनी. बसा. तुम्ही येसान असं वाटलंच होतं मले."

इंदूबाई बसल्या नाहीत. "देवाजीभाऊ, मी तुमच्यापुढं पदर पसरते. उद्या तुम्हीच म्हणा का मी खेळत नाही. त्याईच्या तोंडून ते निघणार नाही. तुम्ही त्याईले पाठीवर नेलं होतं ना, ते विसरत नाहीत ते."

देवाजी हसला. हसण्यात काही आनंद नव्हता. "वहिनी, तुम्हाले वाटते का तो मैत्रीपायी मले खेळवून राहिला? मी तीनदा म्हटलं त्याले, मले काढ म्हणून. तोच नाही म्हणते."

"काहून?"

"समोरची फळी रिकामी आहे आपली. चेंडू सारा वेळ आपल्याच गोलपाशी राहते. कोणीही उभा राहिला तरी गोल खाईन. मी खाल्ले त लोक मले शिव्या देतात, गोपाळले शिव्या देतात. आम्ही म्हातारे झालो, पचते. त्या सुमेधनं खाल्ले त पहिल्याच वर्षी हे लोकं त्याले फाडून खातीन. पोट्टा खेळ सोडून देईन. गोपाळ म्हणते, हे वर्ष आपण दोघं घेऊ अंगावर. पुढच्या वर्षी पोट्टे तयार होतीन, मंग उतरवू त्याले."

इंदूबाई ऐकत राहिल्या. पण ऐकून झाल्यावर आला तो संतापच.

"म्हणजे तुम्ही दोघायनं हरायचं ठरवूनच ठेवलं? अन् वस्तीले सांगितलं नाही? मले नाही सांगितलं? अरुणोदय तुमच्या दोघायच्या बापाचा आहे का?"

देवाजीने मान खाली घातली. "तसं नाही वहिनी."

"तसंच आहे," म्हणून इंदूबाई आल्या पावली परतल्या. वाटेत त्यांना रडू आलं. नवरा भला होता म्हणून, आणि त्या भलेपणाचा त्यांना राग आला होता म्हणूनही. घरी त्या नवऱ्याला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर देवाजीने गुपित फोडल्याचं कळलं असतं, आणि शिवाय काय बोलायचं हेही ठरत नव्हतं.

सामना सदर भागातल्या मैदानावर होता. आदल्या रात्रीच्या पावसाने अर्धं मैदान चिखल झालं होतं. बायका भिंतीजवळच्या कडुलिंबाखाली उभ्या राहायच्या, इंदूबाई तिथेच तुळसाबाईंना धरून उभ्या होत्या. दोरीपलीकडे गणपतराव आणि पोरांचा घोळका दिसत होता. कोणाच्या खिशात काय आहे ते इतक्या लांबून दिसायचं कारण नव्हतं, तरी इंदूबाई प्रत्येकाच्या खिशाकडेच बघत होत्या. शेंगदाण्यांची टोपली घेऊन फल्लीदाणेवाला पुढून गेला, कोणी हाक मारली नाही.

मध्यंतरापर्यंत अरुणोदयवर दोन गोल झाले. दुसरा तर देवाजीच्या पायांमधून गेला. घोळका दोरी ओलांडून आत आला. "मॅनेजर हटाव!" च्या आरोळ्या सुरू झाल्या, आणि एका पोराने हात वर करून काहीतरी गोल, चपटं दाखवलं. डबी.

इंदूबाईंनी तुळसाबाईंचा हात सोडला.

"कुठं जाते वं?"

"येते."

त्या मैदानाच्या कडेकडेने चालत निघाल्या. चपला चिखलात रुतल्या तेव्हा काढून हातात घेतल्या. पुरुषांच्या बाजूला कधी कोणी बाई आली नव्हती, त्यामुळे आरोळ्या आपोआप कमी झाल्या. बाकावर गोपाळराव लिंबाची फोड हातात धरून नुसते बसले होते. इंदूबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. बाकाच्या टोकाला सुमेध अंग चोरून बसला होता.

"तू काहून आली इथं?" गोपाळराव दबक्या आवाजात म्हणाले. "जा, घरी जा. आज काही खरं नाही."

"माहीत आहे मले. देवाजीभाऊनं सांगितलं सारं."

गोपाळरावांनी हातातली फोड खाली ठेवली.

"तुम्ही त्या पोट्ट्याले विचारलं का कधी?" इंदूबाई म्हणाल्या. "त्याले वाचवून राहिले, पण त्याले विचारलं का?" आणि त्या वळून सुमेधला म्हणाल्या, "का रे बाबू, खेळतं का? शिव्या पडतीन."

सुमेधच्या ओठांना कोरड पडली होती. "खेळतो काकू. बसून बसून त जीव चालला माहा."

गोपाळरावांनी देवाजीकडे पाहिलं. देवाजीने तेव्हाच अंगातली गोलकीपरची जर्सी डोक्यावरून ओढायला सुरुवात केली होती. ती ओली जड जर्सी त्याने सुमेधच्या हातात दिली आणि त्याच्या पाठीवर एक थाप मारली.

सुमेध गोलमध्ये जाऊन उभा राहिला तेव्हा घोळक्याने टाळ्या वाजवल्या. ज्याच्यासाठी लोक वर्षभर भांडले त्याच्या टाळ्या मिनिट-दोन मिनिटंच टिकल्या. एक उंच चेंडू आला, सुमेध पुढे धावला, चिखलात पाय सरकला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळीत गेला. तिसरा गोल. आणि मग तीच माणसं, त्याच तोंडांनी, "अबे ए लंबू! हात कायले देल्ले बे तुले? घरी जा, विड्या वळ!"

सुमेधने मागे वळून पाहिलं. लांबूनही इंदूबाईंना त्याचा चेहरा दिसला. नवरा वर्षभर कशाला भीत होता ते त्यांना तेव्हा पुरतं कळलं. आपणच त्याला आत ढकललं.

त्या उठल्या आणि घोळक्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"गणपतराव!" आवाज इतका मोठा निघाला की लाइन्समननेही वळून पाहिलं. "तुम्हीच मांगत होते ना हा पोट्टा? साऱ्या वर्षभर मांगत होते ना? मंग आता दिला तुम्हाले. आता जो त्याले शिवी देईन त्यानं इथं माह्यासमोर येऊन द्यावी!"

गणपतराव लाल झाले. मग मागे वळून पोरांवर खेकसले, "चूप बसा बे!"

सगळे गप्प बसले नाहीत, पण बरेच बसले. सुमेधने त्यानंतर दोन-तीन चेंडू चांगले अडवले. एक तर पार कोपऱ्यातून बोटांच्या टोकांनी बाहेर काढला, तेव्हा विरुद्ध बाजूच्या लोकांनीही "वा!" केलं. शेवटी शेवटी अरुणोदयचाही एक गोल झाला. पण त्याने काय होणार होतं? शिटी वाजली आणि अरुणोदय खाली गेला.

पोरं बाकाकडे धावत आली. इंदूबाई नवऱ्याला चिकटून उभ्या राहिल्या. तेवढ्यात गर्दीतून तुळसाबाई घुसल्या आणि त्यांच्यामागे विड्या वळणाऱ्या सगळ्या बाया. एकीने बादली उचलली, एकीने चेंडूंची पिशवी. तुळसाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "कवडूले नोकरी कोणामुळं लागली ते मी जिवंत आहे तोवर सांगीन. हटा!" आणि बायांनी गोपाळरावांना आणि देवाजीला मध्ये घेऊन चालायला सुरुवात केली. गणपतराव हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले. अडवलं नाही, सोबतही आले नाहीत.

घरी आल्यावर सदरा काढला तेव्हा गोपाळरावांना त्याच्या पाठीवर बूटपॉलिशचा काळा पंजा दिसला. गर्दीत कोणीतरी साधलं होतंच. ते सदरा हातात धरून पाहत राहिले. इंदूबाईंनी तो काढून घेतला आणि पाण्यात बुडवला.

"तू बोलली नसती तर त्या पोट्ट्यानं खेळ सोडला असता," गोपाळराव म्हणाले.

"मी त्याले आत पाठवलं नसतं तर ती पाळीच आली नसती."

"तेही खरं आहे," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक झाली. गोपाळरावांना काढलं, दुसरा मॅनेजर नेमला. हात वर करणाऱ्यांत गणपतराव होते आणि कवडूचा चुलताही होता. गोपाळरावांनी जर्स्यांची पेटी बैठकीतच सोडली आणि घरी आले. देवाजीने खेळ सोडला, पण सकाळी मैदानावर लहान पोरांना चेंडू कसा धरायचा ते दाखवायला जायचा. सुमेध दुसऱ्या विभागात अरुणोदयकडून खेळत राहिला.

गोपाळराव मात्र पुन्हा मैदानावर गेले नाहीत. सामन्याच्या दिवशी ते घरीच काही ना काही काढून बसायचे, कधी कंदिलाची काच पुसत, कधी छत्री दुरुस्त करत. इंदूबाई जायच्या. नवरा मॅनेजर नसला तरी सकाळी त्यांना अजून जेवण जायचं नाही. तुळसाबाई म्हणायच्या, "आता त तुले काही काळजी नाही. मंग काहून पोट धरून बसते?" इंदूबाई म्हणायच्या, "संघ त अजून आपलाच हाय ना वं."

एक्याऐंशीच्या पावसाळ्यात अरुणोदय परत वर आला. शेवटच्या सामन्याहून इंदूबाई घरी आल्या तेव्हा गोपाळराव दारातच उभे होते. त्यांनी विचारलं नाही. इंदूबाईंनी चपला काढल्या, पाय धुतले, घोटभर पाणी प्यायल्या.

"किती?" शेवटी गोपाळराव म्हणाले.

"दोन-एक."

"कोणाचे दोन?"

"आपले."

गोपाळराव बाजेवर बसले. मग सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"बस," ते म्हणाले. "पहिल्या शिटीपासून सांग. काही सोडू नको."

इंदूबाई बसल्या आणि सांगायला लागल्या.